दोन का चार?

आमच्या अण्णांच्या गाडीत बसणाऱ्याला एक परीक्षा द्यावी लागते. मळ्याच्या वाटेवरून गाडी डांबरी रस्त्याला लागायच्या आत अण्णा ब्रेक दाबतात, मान वळवतात आणि खणखणीत आवाजात विचारतात, "दोन का चार?" गाडीतल्या प्रत्येकानं "दोन!" म्हणायचं. एक जरी आवाज कमी पडला तरी गाडी जागची हलत नाही.

प्रश्न चाकांचा आहे. अण्णांची पजेरो जुनी, जपानी आणि अंगानं दांडगी. तिच्या गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा आहे. चिखल लागला की तो ओढायचा, मग चारही चाकं जोर लावतात. अगदीच रुतली तर आणखी खाली ओढायचा. मग गाडीला भलतं बळ येतं, पण चाल मात्र बैलगाडीची होते. डांबरी आली की दांडा परत पहिल्या जागी, म्हणजे दोन चाकांवर. एवढीच बाब. पण एवढ्याशा बाबीसाठी अण्णांनी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला 'दोन' म्हणायला लावलंय. वाईहून आणलेल्या गुरुजींना जप अर्धवट सोडायला लावलाय. पुण्याच्या एका पाहुण्यानं कानात गाणी खुपसून ठेवली होती. त्याच्या एका 'दोन'साठी सगळं वऱ्हाड फाट्यावर खोळंबलं. मी चिडलो. अण्णा म्हणाले, "सर, मुहूर्त दुसरा काढता येतोय."

अण्णांचं आडनाव मी मुद्दाम देत नाही, आणि त्यांच्या बायको-लेकीची नावंही बदललीत. पुढं वाचलंत की कारण कळेल.

मी उंब्रजला त्यांच्या शेजारी राहतो. शाळेतून निवृत्त झालोय. माझ्याकडं एक स्कूटर आहे. अण्णा तिला वाहनात धरत नाहीत. त्यांच्या मते जगात गाड्या तीनच, आणि तिन्ही जपानी. "प्राडो म्हंजे मोठ्या घरची सून, आवाज म्हनून न्हाई. फॉर्च्युनर म्हंजे नवरदेव, मिरवायला पायजे त्याला. आनि आमची पजेरो म्हंजे घरची म्हातारी. कुरकुर करंल, पन कुनाला उपाशी ठेवायची न्हाई." यावर कुणी चौथ्या गाडीचं नाव काढलं तर अण्णा त्याला चहा पाजतात आणि विषय बदलतात.

हायवेवरच्या हॉटेलासमोर यातली एखादी गाडी उभी दिसली की अण्णांचा चहा गार झालाच म्हणून समजा. एकदा मी मिसळ संपवून बाहेर आलो, तर कुणाच्या तरी फॉर्च्युनरखालून अण्णांचे फक्त पाय दिसत होते. मालक धावत आला. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात साखळी. "ओ, काय चाललंय?" खालून आवाज आला, "तुमी कवा हिचं पोट बगितलंय का?" मालक गोंधळला. नाही म्हणाला. "मग या की खाली." आणि तो माणूस खरंच आडवा झाला हो! चांगला पाऊण तास दोघं गाडीखाली. त्याची बायकापोरं काचेआडून बघत होती. बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ पांढरी राहिली नव्हती, आणि जाताना त्यानं अण्णांना वाकून नमस्कार केला.

गाडी धुताना आधी पोट, मग तोंड. ऑइल बदलताना जुनं ऑइल दोन बोटांत चोळून बघणार, वास घेणार आणि नाक मुरडणार. दार कुणी आपटलं की तोच चेहरा, जणू त्यांच्याच कानाखाली बसली. अशा या लाडक्या गाडीत पावसाळ्यात मात्र कोण बसतं? नदीकडच्या वस्त्यांवरची आजारी माणसं, अडलेल्या बाया. उसाच्या वाटांचा चिखल झाला की तिथं दुसरं वाहन जात नाही. अण्णा सीट खराब होते म्हणून वाटभर करवादतात, आणि निरोप आला की जेवणाच्या ताटावरून उठतात.

'दोन का चार' हा प्रकार आधी नव्हता. शालनवहिनी, म्हणजे अण्णांची बायको, गेल्या आणि नंतर कधीतरी तो सुरू झाला. माणूस एकटा पडला की काहीबाही सवयी लागतात, असं म्हणून आम्ही तो सोडून दिला. आम्हा शहाण्या माणसांना सगळ्याचं कारण फार लवकर सापडतं.

त्यांची एकुलती एक लेक, तिला वैशाली म्हणू, सांगलीत दिलेली. अण्णा गाडीचा फिल्टर आणायच्या निमित्तानं वरचेवर सांगलीला जात. लेकीच्या दारात पाच मिनिटं उभे राहत, ऊस-पाण्याचं बोलत आणि पाणीसुद्धा न पिता परतत. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मला म्हणाले, "सर, आज चला माझ्यासंगं. नुस्तं शेजारी बसा."

त्यांनी कराड मागं टाकलं. मग समोर बघतच सांगायला लागले. वहिनींच्या छातीत कळ आली तेव्हा त्या मळ्यात होत्या. वैशाली माहेरपणाला आलेली. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. अण्णांनी दोघींना मागं बसवलं, दांडा पार खाली ओढला आणि चिखलातून गाडी काढली. डांबरीला लागले. आणि दांडा खालीच राहिला.

"कराडपातूर, सर. इंजिन नुस्तं बोंबलतंय आनि गाडी पळंना. समदं जग मला मागं टाकून चाललंय. मला वाटलं गाडीनं दगा दिला. लय शिव्या दिल्या मी तिला. शालन गेली दवाखान्याच्या दारातच. वॉचमन म्हनला, गाडी बाजूला घ्या. तवा माजा हात गेला दांड्यावर."

मी म्हणालो, "अण्णा, लवकर पोचला असता तरी..."

"डाक्टरला इचारलं न्हाई मी. छाती झाली न्हाई." मग म्हणाले, "साऱ्या गावाला गाडी शिकवनारा मी. आज पोरीला सांगनार हाय. मग तिनं तोंड बगितलं न्हाई तरी चालंल. पन चालंल कसं, सर? तिच्याबिगर कोन हाय मला?"

सांगलीत लेकीच्या दारात गाडी थांबली.

अण्णा आज चप्पल काढून आत आले याचंच वैशालीला अप्रूप. तिनं पोहे केले. अण्णा सोफ्याच्या कडेवर बसून ताटली नुसती धरून होते. शेवटी म्हणाले, "वैशे, एक सांगायचं हुतं. त्या दिवसाचं. तुझ्या आईला नेलं त्या दिवसाचं."

तिचे डोळे लगेच भरले. ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"मला पण सांगायचंय, अण्णा. कवापासून सांगायचंय, पण तुम्ही कधी टेकतच नाही. आई माझ्या मांडीवर होती ना, तेव्हा शेवटचं बोलली ते तुमच्याबद्दलच. म्हणाली, 'तुझं अण्णा बघ गं, एवढ्या घाईत बी किती बेतानं चालवत्यात. मला हिसका बसू नये म्हनून.' आणि हसली. हसली हो अण्णा! मग काही बोलली नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आई घाबरून नाही गेली. मी त्याच्यावरच दिवस काढले."

मी अण्णांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. घरापासून घोकत आणलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, ते मला दिसत होतं. मग त्यांनी पोह्याची ताटली खाली ठेवली आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "हिसका बसू ने म्हनूनच."

तिनं विचारलं, "तुम्ही काय सांगणार होता?"

"हेच."

निघताना ती गेटपर्यंत आली. आम्ही गाडीत बसलो. अण्णांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. गेटातून लेक हात हलवत होती, तिला यांनीही हात हलवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"आता कवाच न्हाई सांगायचं, सर. तिची आई खोटी पडंल."