उघड्या खिडकीचं घर

एका थोर वास्तुविशारदाने बांधलेलं आणि शासनमान्य समितीने जतन केलेलं ते घर पाहायला मी आणि माझी बायको ऐन थंडीतल्या सुट्टीच्या दिवशी गेलो. घर पाहावं बांधून, असं पूर्वी म्हणत. हल्ली ते दोरीबाहेरून पाहायचं असतं.

सपाट छप्पर, काचेच्या भिंती, बारीक पायांचं लाकडी फर्निचर. घर बांधून झालं तेव्हा त्याचा एक फोटो जगभर गाजला होता. समितीचा नियम असा की, घर त्या फोटोत आहे तसंच राहिलं पाहिजे. आम्ही सगळे प्रेक्षक दोरीबाहेर अंगणात उभे होतो आणि मोठ्या उघड्या खिडकीतून आतलं पाहत होतो. टेबलावर एक नाशपाती होती, एक घास खाल्लेली.

"नाशपाती रोज बदलतो," मार्गदर्शक बाई म्हणाल्या. "घास घेण्यासाठी एक पद मंजूर आहे. सध्या ते रिक्त आहे. अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आहे."

त्यांना नाशपाती मुळीच आवडत नसावी, असं चेहऱ्यावरून वाटलं.

खिडकीपाशी आत एक आजी बसल्या होत्या. पाठ नसलेली खुर्ची, अंगात बिनबाह्यांचा उन्हाळी झगा. फोटोतली तरुण घरमालकीण ती हीच. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"यांचे यजमान वारले," बाई म्हणाल्या. "समितीने हरकत घेतली होती, पण तोवर उशीर झाला होता. घर आमच्या ताब्यात देताना आजींनी एकच अट घातली, मरेपर्यंत मला इथेच राहू द्या. समिती ती अट काटेकोर पाळते. पाहण्याच्या वेळेत त्या जागच्या हलत नाहीत."

तेवढ्यात आजी बोलल्या. "अगं, ती खिडकी तेवढी लाव ना. कालपासून कणकण आहे अंगात."

"आजी, फोटोत खिडकी उघडी आहे."

"फोटोवाल्याने उघडली होती ती! काचेत त्याचंच पोट दिसत होतं. तो गेल्यावर मी लगेच लावली."

"ही माहिती तोंडी आहे," बाई आम्हाला म्हणाल्या. "ग्राह्य धरता येत नाही."

आमच्यातल्या एका दाढीवाल्या अभ्यासकांना घाम फुटला. त्यांनी त्याच खिडकीवर प्रबंध लिहिला होता. उघडी खिडकी म्हणजे माणसाचा निसर्गाशी चाललेला अखंड संवाद, असं त्यांनी सिद्ध केलं होतं आणि त्यावर त्यांना नोकरीही लागली होती. "आजींची स्मरणशक्ती आता वयोमानाप्रमाणे…" ते घाईघाईने म्हणाले.

"अहो, निदान शाल तरी द्या त्यांना," माझी बायको म्हणाली.

"शाल मंजूर आहे. पण प्रेक्षक नसताना पांघरायची."

"आणि प्रेक्षक केव्हा नसतात?"

"समिती प्रेक्षक वाढवायच्या प्रयत्नात आहे," बाई अभिमानाने म्हणाल्या.

माझ्या बायकोला नियम कळत नाहीत असं नाही, तिला ते पटत नाहीत. तिने पदर खोचल्यासारखी स्वेटरची बाही वर केली, दोरी ओलांडली आणि खिडकी खाडकन लावून टाकली. आजींनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. मला बायकोचं खरोखर कौतुक वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण सगळ्यांचे मोबाईल वर झाले आणि एकच ओरड सुरू झाली.

"अहो, काचेत आपणच दिसतोय!"

खरंच. घर, आजी, नाशपाती, सगळ्यांवर आमचीच गर्दी, आमचीच पोटं. कसाही उभा राहिलो तरी मीच मध्ये येत होतो. एवढ्या लांबून यायचं आणि फोटो स्वतःच्या पोटाचा न्यायचा? मार्गदर्शक बाईंनी नियमाला धरून प्रेक्षकांचा कौल घेतला. खिडकी उघडावी म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत. बायकोचा सोडून सगळे हात वर झाले. माझाही झाला. बायको माझ्याकडे बघत राहिली, तेव्हा मी छपराचं निरीक्षण केलं.

खिडकी घट्ट बसली होती. अंगापिंडाने दणकट म्हणून मलाच पुढे ढकललं. मी उघडली. गार वारा भस्सकन आत शिरला.

आजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "उघडलीस होय रे बाबा? बरं. आता फोटो तरी नीट काढ. हलवू नकोस."

मी हलवला नाही. त्या मात्र हलत होत्या. त्यांचे दात वाजत होते, म्हणून मला थोडं थांबावं लागलं.

घरी आल्यावर मी फोटो सगळ्यांना पाठवला. तुम्हालाही आलाच असेल. तुम्ही लगेच अंगठा दाखवलात. किती हवेशीर घर, म्हणालात. या वयातही आजींच्या गालांवर काय लाली आहे, असंही म्हणालात.

ती तापाची होती.