खळ्यावरची चाळ

"संडास घरमाच?"

दगूबाईंच्या हातातली भाकर तव्यावर पडायची ती थेट चुलीत पडली. शांतीलाल मुंबईहून चार दिवसांच्या रजेवर आला होता आणि जेवता जेवता आईला तिथल्या घरांच्या जाती समजावून सांगत होता. आता ब्लॉकपर्यंत येऊन पोचला होता.

"व्हय माय. ब्लॉकमा बठ्ठं घरमाच ऱ्हास. नळ, मोरी, संडास. मोठा लोके ऱ्हातस तठे."

"चुलाना शेजारले! आनि त्यानंच भाडं जास्त? मुंबईना लोके येडा व्हई गयात का?"

अशा रीतीने ब्लॉकचा निकाल जागच्या जागी लागला. शांतीलालला तो परवडणाराही नव्हता, त्यामुळे त्याला फारसं दुःख झालं नाही. कापसाच्या वखारीतली त्याची नोकरी बरी होती, पण राहायला तो इतर चौघांबरोबर एका खोलीत होता. आता त्याच चाळीत एक खोली रिकामी झाली होती. रजेवरून परतताच मालकाला हो किंवा नाही सांगायचं होतं.

चुलीमागे बसलेल्या सिंधुबाईचा जीव त्या एका खोलीत अडकला होता. लग्नाला तीन वर्षं झाली, पण नवरा तिला भेटायचा तो दिवाळीला आणि आखाजीला. सणाच्या पाहुण्याशी जेवढी ओळख होते तेवढीच तिची नवऱ्याशी झाली होती. बोलायची सोय नव्हती. सासऱ्यांसमोर तर पदर हनुवटीपर्यंत आणि तोंडाला कुलूप.

"चाळ म्हंजे एक लांब वसरी," शांतीलाल पुढे सांगू लागला. "वसरीवर वळीनं दारे. एक दार, एक खोली, एक बिऱ्हाड. नळ एकच, तो बठ्ठासना."

"आनि खोली कितली?"

"सात हात रुंद, आठ हात लांब."

"इतला ल्हान तं आपला म्हशीना गोठा बी नही!" दगूबाई कडाडल्या. "मन्ही वहू गुदमरी जाई तठे. ती कोठेच जावाव नही."

सिंधुबाईला रडू फुटायचंच बाकी होतं. तेवढ्यात सासरे चुनीलाल पाटलांनी हात धुतले. तापीकाठच्या या गुजर घराण्यात शेवटचा शब्द त्यांचा असे, आणि तो बहुधा बैलांविषयी असे.

"बैल लेतस तं काय करतस?" त्यांनी विचारलं. "जुंपीसन देखतस. खोलीबी जुंपीसन देखू."

ज्वारीचं खळं नुकतंच सारवून तयार झालं होतं. मळणीला अजून अवकाश होता. त्या खळ्यावर मुंबईची खोली मापाने आखायची आणि सुनेने सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तिच्यात संसार करायचा. पाण्यासाठी दारातून नळावर जायची तेवढी मुभा; एरवी रेघेबाहेर पाऊल पडलं तर मुंबई बंद, टिकली तर खोली पक्की. सासूला वाटलं, पोरगी दुपारपर्यंत बाहेर येते. सुनेला वाटलं, मेले तरी येत नाही.

सकाळी शांतीलालने राखेने खोली आखली. चुनीलाल कमरेवर हात ठेवून बघत होते.

"बाकीनी चाळ कोठे शे?"

"बापू, आपले एकच खोली लेवानी शे."

"एक बैलवर गाडी चालस का? पुरी काढ!"

मग पुरी चाळ निघाली. समोर वसरी, ओळीने खोल्या आणि टोकाला नळ. नळ म्हणजे खुद्द चुनीलाल पाटील. मोठ्या रांजणाशेजारी तांब्या घेऊन ते बसले आणि मुंबईच्या नियमाप्रमाणे सकाळी थोडा वेळच पाणी सोडतील असं जाहीर झालं. शेजारी हवेत म्हणून गल्लीतल्या बायका बोलावल्या. कुणी नाही म्हणेना, उलट खोल्या कमी पडायला लागल्या. धानोऱ्याहून माहेरपणाला आलेल्या गुलाबबाईने कोपऱ्याची खोली धरली, तिच्या शेजारी सरलाबाईने चूल मांडली. सिंधुबाईच्या लगतची खोली दगूबाईंनी स्वतः घेतली. सुनेला सळो की पळो करायचं, हे त्यांनी नवऱ्याला सांगूनच ठेवलं होतं.

त्यांनी तयारीही तशीच केली. पाटावरवंटा आणून लाल मिरच्या वाटायला घेतल्या. वाऱ्याची दिशा बघूनच पाटा मांडला होता. सिंधुबाई खोकली, शिंकली, डोळे पुसले आणि भाकरी थापत राहिली. मग दगूबाईंनी मोरीचं पाणी तिच्या हद्दीत सोडलं. सिंधुबाईने निमूटपणे राखेचा बांध घालून ते परत वळवलं. ते दगूबाईंच्याच पाट्याखाली शिरलं.

"वहू हुशार शे तुन्ही," सरलाबाई म्हणाली.

"मन्हीच शे," दगूबाई गुरकावल्या, पण मनातून जरा फुलल्या.

खरा भडका उडाला तो नळावर. नळ सुटला, हंड्यांची रांग लागली, आणि चुनीलाल निम्म्या हंड्यांवरच थांबले.

"पानी गयं!"

"असं कसं गयं? रांजन भरेल शे!"

"मुंबईमा जास," चुनीलाल शांतपणे म्हणाले आणि त्यांनी विडी पेटवली.

"मन्हा हंडा सरलाना पुढे व्हता!" गुलाबबाई ओरडली.

"मंग त्याले काय पाय फुटनात?" सरलाबाई म्हणाली, आणि बोलता बोलता तिने सिंधुबाईचा हंडा मागे ढकलून आपला पुढे सारला.

सिंधुबाई काही बोलणार, तोच शेजारच्या खोलीतून वरवंटा हातात घेऊन दगूबाई निघाल्या. आपण कोणत्या कामावर नेमलेल्या आहोत याचा त्यांना साफ विसर पडला होता.

"कोनी सरकाडा मन्ही वहूना हंडा? हात तोडी टाकसू!"

सरलाबाई मागे सरली, हंडा जागेवर आला. नळालाही वरवंटा दिसला असावा, कारण गेलेलं पाणी लगेच परत आलं.

दुपारी शेतावरून बैल सुटून आले. त्यांना चाळ काय ठाऊक! खळं दिसलं, मधली मेढ, मळणीचा खांब, दिसली, दोघे सवयीने तिच्याभोवती गोल फिरू लागले. सरलाबाईची चूल पहिल्या फेरीत गेली, गुलाबबाईची दुसऱ्या. बायका हंडे टाकून बांधापलीकडे पळाल्या. दगूबाईसुद्धा वरवंट्यासकट पळाल्या आणि तिथून ओरडू लागल्या, "सिंधू, बाहेर ये व माय! जाऊ दे ती खोली!"

सिंधुबाई हलली नाही. हातात काटवट धरून, डोळे मिटून, रेघेच्या आत कोपऱ्यात उभी राहिली. बैलांचा वारा अंगावर आला, पण पाऊल आतच राहिलं. चुनीलाल धावले. त्यांनी एका बैलाची वेसण धरली, दुसऱ्याला शेपटीकडून हाकललं आणि सुनेला काही लागलं का बघायला सरळ तिच्या चुलीपाशी येऊन उभे राहिले.

सिंधुबाईने पदर हनुवटीपर्यंत ओढला. सासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती, म्हणून ती बांधाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली,

"माय, त्यासले सांगा, दार तिकडे शे. भीतमाईन कोनी येत नही."

बांधावरच्या बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं. चुनीलालांनी खाली पाहिलं. राखेच्या रेघेवर त्यांच्या जोड्याचा ठसा उमटला होता. ते भिंतीतून आले होते.

पाटील मागे फिरले. वसरीला पूर्ण वळसा घालून दारापाशी आले, जोडे बाहेर काढले आणि सुनेच्या घरी जाताना सासरा खाकरतो तसे चांगले दोनदा खाकरले. मग उंबरठ्याबाहेरच उभे राहून त्यांनी मुलाला हाक मारली.

"शांत्या! खोली पक्की कर. दिन मावळानी वाट देखानी गरज नही."

गल्लीतल्या बायकांनी एकच गिल्ला केला. शांतीलाल भर खळ्यात बायकोकडे बघून हसला आणि सिंधुबाई पदराआड पहिल्यांदाच आवाज होईल इतकी हसली.

दगूबाई मात्र बांधावर बसून पदराने डोळे पुसत होत्या, आणि या वेळी मिरच्या बऱ्याच लांब होत्या. सिंधुबाई आता हक्काने दारातून बाहेर पडली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"तू जाशी," दगूबाई म्हणाल्या. "पन तठे नळवर कोनी तुन्हा हंडा सरकाडा, तं तुन्हाकरता कोन भांडी?"

"मीच भांडसू, माय," सिंधुबाईने त्यांच्या हातातला वरवंटा काढून घेतला. "आज शिकनू ना तुम्हनापाईन."