पिंपातला श्रावण

लालबागच्या समाधान टॉवरमध्ये राहणारे बाबुराव परब यांनी आपल्या गॅलरीत मासे पाळून त्यांच्याच पाण्यावर पालक पिकवायचं ठरवलं, तेव्हा त्यात सार्वजनिक शांततेला धोका पोहोचेल असं वरकरणी काहीच नव्हतं. रचना साधी होती. खाली निळं पिंप, त्यात चिलापीची पिल्लं. वर खडी भरलेला ट्रे, खडीत पालक. माशांनी घाण केलेलं पाणी छोटी मोटर वर चढवणार, पालक त्या घाणीवर पोसणार आणि स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा माशांच्या डोक्यावर पडणार. एकाने घाण करायची आणि दुसऱ्याने ती निमूट निस्तरायची, ही पद्धत बाबुरावांनी नोकरीत जन्मभर अनुभवल्यामुळे त्यांना ती चटकन समजली.

पण त्यांचा जीव पालकात नव्हता, पिंपात होता. आयुष्यभर बाजारातली मासळी खाल्ली. आता एकदा तरी स्वतः वाढवलेला मासा, स्वतः मसाला लावून, तव्यावर खरपूस तळून खायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. बायको नलू मात्र मालवणची.

"गोड्या पाण्यातलो मासो? त्येका चव तरी आसता काय?" तिने नाक मुरडलं.

"गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बघ," बाबुराव म्हणाले. "दुसरा तुकडा मागितला नाहीस तर नाव बदलेन!"

मासे वाढले. पालक तर असा फोफावला की बाबुराव जुड्या मजल्यामजल्यावर वाटू लागले. फुकटचा पालक सगळ्यांना आवडला. खालच्या मजल्यावरच्या इरावतीबाई तर "जरा मोठी जुडी द्या हो" असं हक्काने सांगत.

आणि श्रावण लागला. पहिल्याच दिवशी इरावतीबाई दोन बोटांच्या चिमटीत जुडी धरून दारात हजर.

"भावजी, रागावू नका. आमच्याकडे श्रावण कडक असतो."

"वहिनी, पण हा पालक आहे!"

"पालक आहे हो, पण माशाच्या पाण्यावरचा."

"बाजारातला काय गंगाजलावर येतो? तो गटाराच्या पाण्यावरचा असतो."

"गटार शाकाहारी असतं, भावजी," इरावतीबाई म्हणाल्या आणि जुडी उंबऱ्यावर ठेवून गेल्या.

प्रकरण कमिटीकडे गेलं. सेक्रेटरी मनमोहन विजयकर मूळचे गिरगावचे. घराण्याच्या तीन पिढ्या सरकारी कचेऱ्यांत खर्डेघाशीत गेल्यामुळे ते घरी पाणी मागतानाही 'उपरोक्त' म्हणत. त्यांनी गॅलरीत येऊन पिंपाची रीतसर पाहणी केली.

"परब, या माशांचा आहार काय?"

"तयार खाद्य असतं साहेब. सुकटीचा भुगा वगैरे."

विजयकरांच्या मागे उभी असलेली कमिटी एक पाऊल मागे सरली.

"म्हणजे," विजयकर जड आवाजात म्हणाले, "हे मासे मासे खातात. श्रावणात! गाय गवत खाते म्हणून तिचं शेण चालतं. तुमच्या माशांनी श्रावण पाळला, तर त्यांचा पालकही चालेल. यात वैयक्तिक काही नाही."

'सोसायटीच्या हद्दीतील सर्व जलचरांनी श्रावण काटेकोरपणे पाळावा' हा ठराव एकमताने मंजूर झाला. जलचरांचं मत घेण्यात आलं नाही.

बाबुरावांनी मुकाट्याने सुकटीचा भुगा बंद केला. मासे जगले तर तळता येतील, आणि जगायचे तर कमिटीच्या मर्जीने, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. पहिल्या सोमवारी त्यांनी साबुदाणा घातला, तर पिंपात खळ तयार झाली. मग राजगिरा घातला. राजगिऱ्यावर मासे असे तुटून पडले, की बघणाऱ्याला आपल्या भक्तीची लाज वाटावी. बातमी पसरली. इरावतीबाई पाहुण्यांना घेऊन येऊ लागल्या. कुणी पिंपाला हळदकुंकू लावलं, कुणी जास्वंद वाहिली. पालक आता प्रसाद म्हणून जाऊ लागला. बाबुराव मात्र संध्याकाळी पिंपापाशी बसून, कुठला मासा आधी तळायचा ते मनातल्या मनात ठरवत.

श्रावणातल्याच एका शनिवारी ते दादरला एका खानावळीबाहेर फुटपाथवर उभे राहून नुसता वास घेत होते. आत विजयकर सुरमईचा काटा सोडवत होते.

"साहेब, श्रावण?" बाबुरावांनी दारातूनच विचारलं.

"ठराव नीट वाचा, परब," विजयकर शांतपणे म्हणाले. "सोसायटीच्या हद्दीत. दादर हद्दीबाहेर आहे. शिवाय मी जलचर नाही."

गणपती गेले. दुसऱ्या दिवशी बाबुरावांनी सकाळीच आलं-लसूण वाटलं, तिरफळं काढली, तवा तापत ठेवला आणि जाळी घेऊन गॅलरीत गेले. तेवढ्यात बेल वाजली. दारात अख्खी इमारत उभी होती.

"परब, जाळी खाली ठेवा," विजयकर म्हणाले.

"साहेब, श्रावण संपला!"

"श्रावण संपला, त्यांचं पुण्य संपत नाही. अख्खा महिना एकदाही व्रत न मोडलेला दुसरा जीव या इमारतीत असेल, तर दाखवा."

बाबुरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी जिन्याकडे बघत होतं, कुणी पंख्याकडे. इरावतीबाईंनी पदर सारखा केला. शेवटची आशा म्हणून त्यांनी नलूकडे पाहिलं.

"ऱ्हवांदे वो," नलू डोळे पुसत म्हणाली. "सोमवार केलेल्या जिवाक कापूचा नसता."

बाबुरावांनी गॅस बंद केला. त्यांना खरोखर रडू आलं. त्या संध्याकाळी घरोघर पापलेट तळलं जात होतं आणि ते वाटलेल्या मसाल्याकडे बघत बसले होते. शेवटी नलूने बाजारातला बांगडा ताटात वाढला, तर विजयकरांचा फोन आला. व्रतस्थांना वाढणारा माणूस शुद्ध हवा, सबब बाबुरावांनी यापुढे बारा महिने मासळी वर्ज्य करावी, असं ठरलं होतं. नलूने बांगडा उचलून आपल्या ताटात घेतला.

यंदा सोसायटीने आणखी पुढची मजल मारली. मासे एवढ्या निष्ठेने श्रावण पाळत असताना माणसांनी वेगळा पाळणं ही शक्तीची उधळपट्टी ठरते. त्यामुळे आता सगळ्या बिऱ्हाडांचा श्रावण पिंपातले मासेच पाळतात. राजगिऱ्याचा खर्च मेंटेनन्समध्ये लागतो. हद्दीची अडचणही मिटली आहे. श्रावणी सोमवारी वर आरती होते आणि खाली तवे चुरचुरतात. अख्ख्या टॉवरमध्ये मासळीला न शिवणारा माणूस एकच उरला आहे, आणि तो पिंपापाशी बसून राजगिरा निवडत असतो.

तुमच्याही सोसायटीला हवी असतील तर बाबुराव पिल्लं आनंदाने देतात. सगळी सोमवार करणारी आहेत. फक्त न्यायला येण्याआधी हात साबणाने दोनदा धुवा. हल्ली बाबुरावांना मासळीचा वास फार लांबून येतो, आणि काल तुम्ही काय जेवलात, हे ते अगदी माशाच्या नावासकट सांगतात.