परबकाकांचं पिवळं कार्ड

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कोणी गाडी वाकडी लावली, तर तिसऱ्या मजल्यावरचे परबकाका खाली येतात आणि खिशातून पिवळं कार्ड काढून दाखवतात. भांडत नाहीत. कार्ड दाखवून वर जातात. सेक्रेटरीला आजवर सर्वांत जास्त कार्डं मिळाली आहेत.

ही त्यांची जुनी सवय. एका रायडिंग क्लबात टायपिस्ट म्हणून लागलेला हा मालवणचा माणूस नियमपुस्तक टाइप करता करता ते पाठ करून बसला, आणि त्या जोरावर घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघात अधिकारी झाला. देशोदेशीच्या स्पर्धांत घोड्यांना कोणी छळत नाही ना, हे बघायचं आणि छळलं तर पिवळं कार्ड दाखवायचं, हे त्यांचं काम. एकदा त्यांनी एका राजकन्येचा घोडा बाद केला. "ती रडायला लागली. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही रडा, पण घोडा ट्रेलरमध्ये."

स्वतः मात्र ते घोड्यावर कधीच बसले नाहीत. विचारलं तर म्हणतात, "अंपायर बॅट घेऊन जातो काय रे?"

गेल्या हिवाळ्यात बी विंगच्या शहांच्या मुलाची वरात निघाली. सजवलेली घोडी गेटातून आत आली आणि परबकाका ब्लेझर घालून आडवे उभे राहिले.

"पुढचा उजवा पाय नीट टेकवत नाही ती. हिच्यावर कोणी बसणार नाही."

बँड थांबला. शहा हात जोडून म्हणाले, "परबसाहेब, मुहूर्त निकल जायेगा ना."

"मुहूर्त तुमच्या मुलाचा आहे. पाय तिचा आहे."

मी म्हटलं, "काका, सोडा ना आज." लगेच मला पिवळं कार्ड.

शेवटी नवरदेवच पुढे झाला. "पप्पा, जाऊ दे ना. तसाही मी घोडीला घाबरतो." आणि वरात हॉलकडे चालत गेली.

घोडीवाला टेम्पो आणायला गेला. मी बादलीभर पाणी घेऊन आलो, तर काका ब्लेझरसकट फरशीवर बसलेले. ओला टॉवेल तिच्या पायाला गुंडाळत ते मालवणीत बोलत होते, "गप रव गे बाय, टेम्पो येतलो हां."

मग मान वर न करता मला म्हणाले, "आमची मंगल फोनवर नेहमी सांगायची, मी झकास आहे. रिटायर होऊन आलो, तर एअरपोर्टवर ती समोरून चालत आली. मला लांबूनच कळलं. विचारलं, कधीपासून दुखतंय? म्हणाली, तुमच्या स्पर्धा चालू होत्या ना."

मंगलकाकू त्यानंतर जेमतेम वर्षभर होत्या. कमरेचं ते दुखणं हाडाच्या कॅन्सरचं निघालं, आणि तोवर ते फार पुढे गेलं होतं. मी टॉवेल पुन्हा भिजवून दिला.

टेम्पो आला. काकांनी घोडीला हळूहळू वर चढवलं आणि मागे तिच्याजवळच उभे राहिले.

"काका, तबेल्यापर्यंत जाताय? जेवायला शहा वाट बघतील."

"त्यांना सांग," तिच्या मानेवर हात ठेवून ते म्हणाले, "परब आज मुलीकडून आहेत."