पाचशे मीटरची हिमनदी

ओबरलुइगन गावात प्रत्येक गोष्ट हात वर करून ठरते. रविवारी गाईंच्या गळ्यातल्या घंटा किती वाजेपर्यंत वाजू द्यायच्या, हेसुद्धा. त्यामुळे हिमनदीची लांबी मतदानाला टाकण्यात कुणाला काही वावगे वाटले नाही. मी गावकचेरीचा कारकून. हात मोजणे माझ्याकडे.

जिल्ह्याचा नियम साधा होता. हिमनदी पाचशे मीटरपेक्षा आखूड झाली, की तिच्यावर पाहुण्यांचे हेलिकॉप्टर उतरवायला बंदी; आणि गावाचे पोट त्याच फेऱ्यांवर. दर सप्टेंबरात कास्पार इमबोडन टेप घेऊन वर जाई, खडकावर तांबडी खूण करी आणि आजोबांपासून चालत आलेल्या वहीत आकडा लिही. त्या वहीत एकही खोटा आकडा नाही, याचा त्याला भारी अभिमान. त्या वर्षी त्याने चारशे ऐंशी लिहिले.

"वीस मीटरपायी गावाला उपाशी मारतोस होय रे?" गावप्रमुख वेरेनाबाई भर सभेत कडाडल्या.

"मला काय विचारता बाई? बर्फाला विचारा."

"बर्फाला मताचा अधिकार नाही!"

एकशे बारा विरुद्ध एक मताने हिमनदी पाचशे मीटर ठरली.

बहुमताचा मान राखणे प्राप्त होते. कमी पडलेल्या वीस मीटर खडीवर पांढरी पांघरुणे अंथरण्यात आली. ती वर न्यायला हेलिकॉप्टरच्या नऊ फेऱ्या झाल्या आणि जिथे ते उतरे, तिथला बर्फ खचला. पुढल्या वर्षी साठ मीटर कमी पडले. पांघरुणे वाढली, तशा फेऱ्या वाढल्या. चौथ्या वर्षी हिमनदी नखशिखान्त पांघरुणाची झाली. लांबी मात्र बरोबर पाचशे.

मग पाहुण्यांची तक्रार आली, की पायाला गार लागत नाही. तेव्हापासून हॉटेलच्या स्वयंपाकघरातला बर्फ रोज सकाळी हेलिकॉप्टरने वर जाऊ लागला. एका पाहुण्याला त्यात लिंबाची फोड सापडली. गावाच्या समितीने ती प्राचीन असल्याचा दाखला दिला.

त्या सप्टेंबरात कास्पारसोबत मीही गेलो. त्याने पांघरुणाची कड उचलली. खाली नुसती ओली खडी. त्याचे डोळे भरून आले.

"पाचशे लिही नि चल बाबा," मी म्हणालो. "खाली रॅक्लेटचं वितळलेलं चीज गार होतंय."

"मी बर्फ मोजतो रे. गोधड्या नाही."

त्याने शून्य लिहिले आणि वही स्वतः नेऊन जिल्ह्याच्या कचेरीत दिली. आता तरी उड्डाणे बंद होतील, एवढीच त्याची आशा.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. 'पाचशे मीटरची अट हिमनद्यांना आहे. सदर ठिकाणी हिमनदी नसल्याने अट लागू होत नाही. उड्डाणांच्या संख्येवर कोणतेही बंधन नाही.'

वेरेनाबाईंनी सर्वांसमक्ष कास्पारचा सत्कार केला. आता दिवसाला चाळीस फेऱ्या होतात. पाटीवर लिहिले आहे, 'इथे हिमनदी होती.'

कास्पार हेलिकॉप्टरच्या तळाच्या कुंपणाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, "अहो, वर काही नाही. कशाला जाता?"

"फार वाईट झालं हो," प्रत्येक जण कळवळून म्हणतो. "लोकांनी वेळीच शहाणं व्हायला हवं होतं." आणि रांगेत पुढे सरकतो.

हे वाचताना तुम्हीही हळहळला असाल. शनिवारच्या फेरीत दोन जागा शिल्लक आहेत. खिडकी डावीकडची देऊ, की उजवीकडची?