भालेरावांचं खोरं

भालेरावांचे गुडघे दुखतात, असं मी आमची बॉस मारायका हिला सांगितलं. ते खोटं होतं. तो माणूस रोज वाऱ्याविरुद्ध सायकल मारत स्लोटरडाइकच्या ऑफिसात येतो.

आम्ही दोघं शेजारी बसून नकाशे करतो. भालेरावांकडे सात वर्षं एकच काम: अलास्काच्या पार उत्तरेतलं एक नदीचं खोरं आणि ते ओलांडून गेलेली तेलाची पाइपलाइन. उपग्रहाच्या चित्रांवरून नदी किती सरकली ते काढायचं. खोरं कधी पाहिलेलं नाही, पण माणूस राहतो तिथेच. सकाळी दहाला कुणी हसलं की ओठांवर बोट. "हळू! खोऱ्यात रात्र आहे." उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, तेव्हा दिवसभर मोठ्याने बोलणार. नदीला 'बाई' म्हणतात. "बाई पाइपाकडे सरकायला लागल्यात, पाटणकर. लक्षण बरं नाही."

डच सहकारी कॉफी घेऊन त्यांच्याभोवती जमायचे. माझ्याकडे नगरपालिकेची गटारं. गटारांची हकिगत ऐकायला कोण जमतं? मी आतून जळायचो.

मग पाहणीसाठी एका माणसाला तिकडे पाठवायचं ठरलं. मारायकाने मला सहज विचारलं, "भालेरावांना एवढं चालणं जमेल ना?" गुडघे मला तिथेच सुचले. तिकीट माझं निघालं.

भालेरावांना वाटलं, वरूनच ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बर्फात चालायचे बूट आणून दिले. कोरे, केव्हाचे घेऊन ठेवलेले. "दोन मोजे घाला, म्हणजे बसतील. आणि पाइप खांबांवर उचललाय ना, त्याखालून हरणं जातात का, तेवढं बघा."

तिथे पोहोचलो, तर नदीचं प्रत्येक वळण त्यांच्या नकाशातल्या रेघेबरहुकूम निघालं. हरणंही पाइपाखालून गेली, पिलांसकट.

परतल्यावर मी त्यांच्या नीउ-व्हेनेपच्या घरी गेलो. एकटेच राहतात. मला बसवायला दुसऱ्या खुर्चीवरचे कागद उचलावे लागले. मग सासरी दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी तसे विचारत राहिले. पाणी गढूळ होतं का? काठ ढासळलाय? पिलं घाबरली नाहीत ना? चहा गार झाला.

"बरं झालं, तुम्हीच गेलात," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला इतकं विचारता आलं नसतं."

मला पुढे ऐकवेना.

"भालेराव, तुम्हालाच पाठवणार होते. मी मारायकाशी खोटं बोललो. तुमच्यावर जळत होतो. मला माफ करा."