श्रूजबरीस 'अहो' नामावरून माजलेले रण

श्रूजबरी नगर, प्रांत मॅसॅच्युसेट्स, वूस्टरच्या पूर्वेस तळ्यापलीकडे वसलेले. तेथील मराठी वाचकमंडळाच्या सभेत यंदा कार्तिकमासी जे रण माजले, त्यात कोण हटले, कोण तगले आणि कोणी कोणास किती तारे बहाल केले, याची हकीकत लोकांत नाना प्रकारे सांगितली जाते. आणि ज्यांनी ग्रंथ उघडोनही पाहिला नाही, तेच अधिक तपशिलाने सांगतात. सबब घडले तैसे वर्तमान येथे नमूद केले आहे. ऐकणारांनी फोन पालथे ठेवावे आणि चित्त इकडे द्यावे.

मंडळाच्या मुख्य कारभारीण सुहासिनीबाई. मूळ वतन पुणे, हल्ली मुक्काम श्रूजबरी, विमा कंपनीची चाकरी करोन सेवानिवृत्त. बाई करारी. खोटी स्तुती त्यांच्या मुखातून कधी निघाली नाही, आणि खरी स्तुती निघाल्याचाही दाखला सापडत नाही. एकदा एका नवकवीने आपले काव्य ऐकवून अभिप्राय पुसला, तेव्हा बाईंनी आवाज चांगला आहे ऐसा निवाडा दिला आणि तो कवी पुढे मॉर्गेजच्या धंद्यात शिरला.

बाईंस एकच कन्या, नाव उर्वी. जन्म याच मुलखातला. मराठी समजे सर्व, परंतु उत्तर इंग्रजीत देई. दिवसा न्यूयॉर्कात वकिली करी, आणि उरल्या वेळात प्रेमकादंबऱ्या लिही. त्या कादंबऱ्या देशोदेशी खपत. पहिलीत घोडेवाला नायक, दुसरीत अब्जाधीश, तिसरीत फुटबॉलपटू, याप्रमाणे पोशाख बदले, इसम तोच. प्रथम भांडण होई, मग हिमवादळ येई, मग दोघे एका लॉजात अडकत, आणि तेथे पलंग एकच असे. मुलूख एवढा विस्तीर्ण, मोटेल पैशाला पासरी, परंतु ह्या दोघांस दुसरी खाट म्हणोन कोठे मिळत नसे. नायकाच्या पोटावरील स्नायूंच्या वळ्या नायिका मोजी, प्रत्येक प्रकरणी मोजी, आणि मागील मोजणी तिच्या ध्यानी राहत नसे.

मंडळातील बायका या ग्रंथांस उघड नाके मुरडीत आणि किंडलवर चोरोन वाचीत. त्या पायी भाज्या करपल्या, एकीची एक्झिट चुकोन स्वारी थेट कनेटिकटात उतरली, तरी मुखाने मात्र "काय तो थिल्लरपणा!" हाच जप चाले.

मातेने पहिली कादंबरी वाचली तेव्हा कन्येने मोठ्या आशेने पुसले, आणि मातेने फर्माविले की स्पेलिंगच्या चुका नाहीत. त्या दिवसापासोन कन्येने घरी मुक्कामास येणे सोडले. येई ती तासाभरापुरती येई, चहा उभ्याने घेई आणि उजेडी परत फिरे. तिची खोली तैसीच झाडोन ठेविली होती, चादर बदलली जाई, परंतु त्या चादरीवर कोणी निजत नसे. ही सल बाईंच्या काळजात होती.

ऐशात सहावी कादंबरी प्रसिद्ध जाहली, आणि तीत प्रथमच नायक मराठी. अग्निशमन दलाचा कप्तान, उंच, सावळा, जानेवारीच्या थंडीत शर्ट काढोन हिंडणारा. ग्रंथाचे नाव "बर्निंग फॉर अहो". नायकाचे नाव अहो. अहो पाटील.

हे नाव वाचताच नीनाबाई, मूळच्या नागपूरच्या आणि मंडळातील तोफखान्याच्या सरदार, यांच्या नाकातून चहा आला. पुढे वाचितात तो, नायिका त्यास अहो म्हणे ते एक ठीक, परंतु त्याचे दोस्त त्यास अहो म्हणत, पोलीस त्यास अहो म्हणत, आजी "माय लिटल अहो" म्हणोन गालगुच्चा घेई, आणि खुद्द जन्मदात्री माता स्वयंपाकघरातून "अहो, कम अँड ईट!" ऐसे पाचारण करी. प्रकार काय घडला तो सकळ बायका एका क्षणात उमजल्या. पोरीने जन्मभर घरात आई बापास ज्या शब्दाने हाक मारी तो शब्द ऐकिला, आणि ते लाडके नाव समजोन उचलोन नेले. हे तिला कोणी सांगितले नाही. सांगावयाचे सोडोन सर्वांनी तिला सभेस बोलाविले, आणि ती, तासाभराचा वायदा करोन, येते म्हणाली.

सुहासिनीबाईंस पेच पडला. सभेत कन्या पुसणार, खरे सांग म्हणणार. खोटे बोलावे ते जिभेस ठाऊक नाही. खरे बोलावे तर तासाभराचे येणेही बंद पडते. बाईंनी ग्रंथ दोन वेळा वाचला, कोठे काही चांगले सापडते काय याचा शोध केला, आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाती परतल्या.

नेमिल्या दिवशी, शनिवारी दुपारी, सुहासिनीबाईंच्याच हवेलीत सभा भरली. पुरुषांचा उपद्रव नको म्हणोन त्यांस चिवड्याची परात आणि फुटबॉलचा सामना देऊन बेसमेंटात रवाना केले. त्यांत घरधनी गुरुनाथराव आणि नीनाबाईंचे यजमान देवदत्तपंत हे प्रमुख. उर्वी आली, मोटार रस्त्याकडेस लाविली, कोट अंगावरच ठेविला, आणि दाराजवळची खुर्ची धरोन बैसली.

आरंभी किरकोळ चकमकी जाहल्या. वाचकांची मते कैसी, तर एकीने पुसले, मराठी मुलगा फायरमन जाहला आणि आईबापांनी इंजिनिअरिंगचे काय केलेस म्हणोन एका शब्दाने विचारिले नाही, हे कोणत्या घरी घडते? दुसरीने पुसले, याचे ग्रीन कार्ड कोणत्या कॅटेगरीत? तो येथेच जन्मला आहे ऐसे उर्वीने सांगितले, तरी त्या दुसरीचे समाधान न होता मग त्याच्या आईचे कोणत्या कॅटेगरीत, येथवर चौकशी गेली. तिसरीचे मत की नायिकेच्या बेकरीत त्या एकट्यावाचून गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि तोही पाव घेत नाही. उर्वी हसोन सर्व टिपून घेत होती. पाच कादंबऱ्यांनी तिची कातडी बरीच जाड केली होती.

मग नीनाबाईंनी मोठी तोफ पुढे काढिली, चष्मा वर सारिला, आणि मुख्य मुद्द्यास हात घातला.

"मला सांग उर्वी, हे अहो—"

"काय गं?" बेसमेंटातून देवदत्तपंतांचा आवाज आला. "आलो, आलो!" आणि पंत चिवड्याची मूठ तैसीच धरोन जिना चढोन हजर जाहले.

"तुम्हाला नाही बोलावलं!"

"अगं, आत्ता अहो म्हणालीस ना?"

"ते पुस्तकातले अहो!"

पंत हिरमुसले होऊन परतले. नीनाबाईंनी पुन्हा मोर्चा बांधिला, अहो या पात्राच्या स्वभावात सुसंगती नाही ऐसा आरोप मांडू लागल्या, तो या खेपेस गुरुनाथराव आले आणि गॅस बंद करायचा आहे काय म्हणोन पुसू लागले. तिसऱ्या खेपेस दोघेही आले आणि जिन्यात एकमेकांस धडकले. नीनाबाईंनी मग नाव टाकोन "तो" म्हणणे आरंभिले. परंतु कादंबरीत घोडाही होता, आणि तो कधी खिंकाळतो व कधी चुंबन घेतो याचा कोणास उलगडा होईना. तोफखाना जागीच रुतला.

तेव्हा रुपाली पुढे सरसावली. ही नव्या पिढीची, आपल्या नवऱ्यास खुशाल प्रसन्न म्हणोन हाक मारी, सबब तिला या शब्दाचे भय नव्हते. तिने किंडल उघडिले, आणि यार, हा पॅराग्राफ तर ऐकाच म्हणोन खड्या सुरात वाचू लागली, की हिमवादळ घोंघावते आहे, नायिका थरथरते आहे, आणि—

"'अहो,' शी व्हिस्पर्ड, 'टेक मी होम.'"

"एवढ्यात?" जिन्याखालून देवदत्तपंत ओरडले. "अजून चहासुद्धा झाला नाही!"

सभा कोसळली. एक सोफ्यावरून घसरली, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रुपालीच्या हातून किंडल निसटले. या हसण्यात एकटी उर्वी बसोन होती. तिच्या मुखावरील हसू प्रथम अर्धे राहिले, मग गेले.

"व्हॉट्स सो फनी?" तिने पुसले. "नीना मावशी, टेल मी. काय झालं?"

नीनाबाई मनाने वाईट नव्हत्या, परंतु दारूगोळा भरलेला होता. "अगं बाई, अहो हे नाव नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून अहो म्हणतात. म्हणजे... एक्सक्यूज मी सारखं."

"मी होल बुकमध्ये हिरोला एक्सक्यूज मी म्हटलंय?"

"त्याच्या आईनेसुद्धा," रुपाली हळूच म्हणाली.

उर्वीचा चेहरा उतरला. पोरीने भर कोर्टात जज्जांचे बोलणे सोसले होते, इंटरनेटवरील शिव्याशाप पचविले होते, परंतु हे निराळे होते. हे घरचे होते. ती उठली. "आय थॉट इट वॉज हिज लव्ह नेम. आई एव्हरी डे म्हणते, सो आय थॉट... नेव्हर माइंड. मी निघते." आणि तिने पर्स उचलिली.

सुहासिनीबाईंनी पाहिले की गड हातचा चालला. सर्व बायका त्यांच्या मुखाकडे पाहू लागल्या. आता दोन गोड शब्द बोलावे ऐसी नीनाबाईंनीही डोळ्याने विनवणी केली. परंतु जी जीभ जन्मात गोड वळली नाही, ती ऐन प्रसंगी कैसी वळावी? बाई एवढेच वदल्या की, "थांब. नीना म्हणते ते बरोबर आहे. त्यांचं नाव गुरुनाथ आहे."

"देन व्हाय डोन्ट यू यूज इट?"

"वापरते की! वापरायला काय झालं?" बाई चिडल्या. हट्टास पेटल्या म्हणजे त्या मागेपुढे पाहत नसत. तरातरा जिन्याच्या तोंडाशी गेल्या, कमरेवर हात ठेविला, आणि लग्न जाहल्यापासोन जे केले नव्हते ते केले.

"गुरुनाथ!"

खालोन सामन्याचा गलबला ऐको आला. उत्तर नाही.

"गुरुनाथ!" बाई दुप्पट जोराने गरजल्या.

देवदत्तपंतांचा आवाज आला. "गुरुनाथराव, वर कोणीतरी बाई तुम्हाला बोलावत्येय."

"मला कोण बाई बोलावणार?" गुरुनाथराव म्हणाले. "टीव्हीत असेल."

सुहासिनीबाई जिन्याच्या तोंडाशी तैशाच उभ्या. त्यांच्या कानाची पाळी लाल जाहली, हे नीनाबाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आणि पुढे सर्वांस सांगितले. मग बाईंनी आवाज खाली आणिला, इतका की सोफ्यावरच्यांस नीट ऐकूही येऊ नये, आणि म्हणाल्या,

"अहो."

"आलो गं!" गुरुनाथराव तत्काळ म्हणाले, आणि त्यांची पावले जिन्यावर वाजू लागली.

उर्वी दाराशी उभी होती. तिने बापाकडे पाहिले, मग आईकडे पाहिले, आणि वकिलाने साक्षीदारास पकडावे तैसे बोट रोखिले. "सो इट इज हिज नेम!"

यावर नीनाबाईंनी हरकत घ्यावयास तोंड उघडिले, आणि मिटिले. कायद्याने काही सापडेना. व्याकरण त्यांच्या बाजूचे होते, परंतु माणूस जिना चढोन आला होता.

"काय झालं? काय हवंय?" गुरुनाथराव पुसू लागले. त्यांस कोणी काही सांगितले नाही. त्यांच्या हाती रिकामी परात देण्यात आली.

मग कन्येने पर्स हातात तैशीच धरोन मातेस मुख्य सवाल केला. "आई, बुक कसं आहे? खरं सांग."

सुहासिनीबाईंनी निवाडा दिला तो ऐसा: ग्रंथ वाईट आहे. घोडा निरर्थक आहे. जो मनुष्य आग विझवावयास शर्ट काढोन जातो तो कप्तान नव्हे, मूर्ख आहे. नववे प्रकरण वाचताना आपण त्याच्यासाठी नव्हे, तर त्या बेकरीतील ओव्हन चालूच राहिला म्हणोन घाबरलो. "सगळ्या पुस्तकात एक शब्द खरा आहे," बाई म्हणाल्या, "तो तू ह्या घरातून नेलास. तो राहू दे. बाकीचं परत लिही."

"बाकीचं म्हणजे किती?"

"सगळं."

उर्वी खो खो हसत सुटली, डोळ्यांस पाणी येईतो हसली, आणि ते पाणी हसण्याचेच होते ऐसे सर्वांनी मानिले. मग तिने पर्स खाली ठेविली, कोट काढिला, आणि खुर्ची ओढोन आईच्या समोर बैसली. "ओके. पण मग त्याच्या मदरने त्याला काय म्हणायचं?"

"अरे म्हणायचं."

"अरे? म्हणजे सेम माणूस, बायकोचा अहो आणि आईचा अरे?"

"आणि सासूचे अहो जावईबापू," नीनाबाई आता कुमकेस धावल्या.

"अँड प्रसन्न?" उर्वीने रुपालीस पुसले.

"तो नुसता प्रसन्न, यार. हाक मारली तरी येत नाही."

तेथून पुढे रण कोणी कोणाविरुद्ध लढत आहे हे समजेनासे जाहले. प्रत्येक बाई आपल्या घरी कोण कोणास काय म्हणते ते सांगू लागली, चहा दुसऱ्यांदा टाकिला गेला, आणि तासाभराचा वायदा केव्हाच सरोन गेला. बाहेर दिवस मावळला. श्रूजबरीस हिवाळ्यात रात्री रस्त्याकडेस मोटार ठेविल्यास नगराचा दंड होतो, सबब गुरुनाथरावांनी कोणास काही न पुसता उर्वीच्या किल्ल्या उचलिल्या, चपला सरकविल्या, आणि तिची मोटार रस्त्यावरोन आणोन ड्राइव्हवेत आपल्या मोटारीमागे उभी केली. ते सुहासिनीबाईंनी खिडकीतून पाहिले. तांदूळ एक वाटी जास्त धुतले.

याप्रमाणे रण आटोपले. 'अहो' हे नाव अर्जदारणीच्या बाजूने कायम जाहले. कादंबरीविषयी मंडळाचे मत पूर्ववत प्रतिकूल राहिले, आणि तिची विक्री त्याच आठवड्यात श्रूजबरीपुरती वाढली. सुहासिनीबाईंनी वेबसाइटवर आपल्या खऱ्या नावाने अभिप्राय नोंदवोन ग्रंथास पाचांपैकी एक तारा बहाल केला, आणि खाली नायकाचे नाव चांगले आहे ऐसे लिहिले. त्यांच्या हातून निघालेली ही पहिली लिखित स्तुती होय. कन्येने ती फोनवर मोठी करोन नीनाबाईंस दाखविली, आणि नीनाबाईंनी तारा खरोखर एकच आहे याची खात्री करोन घेतली.

कादंबरी वाईट ती वाईटच राहिली. कन्या राहिली. विजय ऐसा.